मोबाईलमधलं ‘उंदीर पळवा’ ॲप आणि बागेतली घूस: आवाजाने खरंच फरक पडतो का?

मागच्या पावसाळ्यात बाबांचा गावाहून फोन आला. “अरे, घुशीने जास्वंदीची मुळंच कुरतडली. अंगणात सहा बिळं झालीत. ते सोलरवर चालणारं आवाजाचं यंत्र मागवू का?” त्याआधी त्यांनी एक फुकटचं ॲप टाकून रात्रभर फोन बिळाजवळ ठेवला होता. (पावसाळ्यात! फोन वाचला हे नशीब.)

आधी ॲपचं बघू, कारण तिथला हिशोब सोपा आहे. उंदीर-घुशींना आपल्यापेक्षा खूप बारीक आवाज ऐकू येतात हे खरं आहे. माणसाची हद्द साधारण २० किलोहर्ट्झ, घरातल्या उंदराची ७०-८० च्या आसपास. म्हणून ॲपमध्ये स्लायडर ६० पर्यंत जातो. पण फोन आवाज तयार करतो तो बहुतेक वेळा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० सॅम्पल वापरून, आणि जेवढे सॅम्पल त्याच्या निम्म्यापर्यंतचीच फ्रिक्वेन्सी त्यातून निघू शकते. म्हणजे जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झ. त्यातही फोनचा एवढासा स्पीकर त्याच्या आधीच मान टाकतो.

मी स्लायडर ६० वर नेला तर मला चक्क शिट्टी ऐकू आली! ॲप बनवणाऱ्याने ही मर्यादा तपासली नाही, की ६० ची लहर ४८ च्या सॅम्पलिंगमध्ये दुमडून १२ किलोहर्ट्झची होते. याला एलियासिंग म्हणतात. तुम्हीही करून बघा. ‘अल्ट्रासॉनिक’ आवाज तुम्हाला ऐकू येत असेल, तर तो अल्ट्रासॉनिक नाहीच.

विकतच्या यंत्राची गोष्ट जरा वेगळी. त्यात वेगळा बझर असतो आणि तो खरोखर ४० किलोहर्ट्झ काढू शकतो. अडचण पुढे आहे. ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत साधारण साडेआठ मिलिमीटर. एवढी बारीक लहर कुंडीमागे वळत नाही, हवेत लवकर विरते आणि मातीवर आपटली की बहुतेक परत फिरते. घूस तर बिळात, मातीखाली बसलेली. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना ‘दाव्यांना पुरावा हवा’ अशी पत्रं पाठवली होती. काही काठ्या अल्ट्रासॉनिकऐवजी जमिनीत कंपनं सोडतात. ती मातीतून जातात, मान्य. पण ज्या जातीचे प्राणी रेल्वे रुळांच्या कडेला बिळं करून राहतात, त्यांना त्या गुरगुरण्याचं काय कौतुक?

मग या यंत्रांना पाच-पाच स्टार कसे मिळतात? याचं उत्तर मला बाबांच्या अंगणात मिळालं. ऐकलं नाहीच त्यांनी, दोन काठ्या मागवल्याच. म्हटलं ठीक आहे, टेस्ट करू. रोज संध्याकाळी बाबा सहाही बिळांची तोंडं मातीने बुजवायचे आणि सकाळी फोटो पाठवायचे. उकरलेलं बीळ म्हणजे आत घूस आहे. पहिल्या दोन सकाळी एकच बीळ उघडं! बाबा खूश, मला ऐकवून झालं. पाचव्या दिवशी चार उघडी. आठवड्याने मी म्हटलं, “बाबा, आता काठ्या तिथेच राहू द्या, फक्त बंद करा.” तरी रोज चार-पाच. परत चालू केल्या, फरक शून्य.

उंदीर-घुशी नवीन वस्तूला बिचकतात. काठी बंद असती तरी पहिले दोन दिवस त्या लांबच राहिल्या असत्या. आणि लोक रिव्ह्यू लिहितात ते नेमके त्याच दोन दिवसांत.

डांबर गोळ्या, पुदिन्याचं तेल, लसूण यांचंही तेच: वास उडतो, पाऊस धुऊन नेतो, घूस बाजूने नवीन तोंड काढते. डांबर गोळ्या लहान मुलाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात गेल्या तर विषारी, त्या अंगणात टाकूच नका. विषारी आमिष काम करतं, पण ते मांजर-कुत्र्यालाही मारू शकतं. म्हणून आमच्याकडे ते नकोच ठरलं.

फरक पडला तो कंटाळवाण्या गोष्टींनी. कुत्र्याचं उरलेलं जेवण रात्री उचललं, पक्ष्यांचे दाणे बंद केले, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याला खालून बारीक लोखंडी जाळी लावली आणि पिंजऱ्यात सुकं खोबरं ठेवलं. पिंजराही पहिले तीन-चार दिवस दार न लावता नुसताच ठेवायचा, कारण पुन्हा तेच, नवीन वस्तूची भीती. दोन घुशी सापडल्या आणि महिन्याभरात उघडं बीळ एकच राहिलं.

एक मात्र सांभाळा. बीळ बुजवताना हातमोजे आणि बूट घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. बाबा हे काम पहिले चार दिवस अनवाणी करत होते, हे मला फोटोत त्यांची पावलं दिसल्यावर कळलं.

आणि यंत्र मागवलंच असेल, तर परत करायची मुदत आधी बघा. पहिले चार दिवस मोजू नका, पाचव्या दिवसापासून बिळं मोजा.