बुद्ध पौर्णिमेसाठी घरीच शिवा पंचशील ध्वज

भगिनींनो, मुलांना सुट्टी आहे आणि बुद्ध पौर्णिमा तोंडावर आली आहे. बाजारातले साटिनचे ध्वज दोन दिवसांच्या वाऱ्यात कडेने विसकटतात. काहींत रंगांचा क्रमही चुकलेला असतो. वस्तीत कुणाकडे ओव्हरलॉक मशीन असेल तर ते आणायचेच कशाला?

काठीकडून क्रम असा: निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. सहाव्या पट्टीत हेच रंग वरून खाली. सुती कापड आधी वेगवेगळे धुवावे, तांबडा पांढऱ्यावर उतरायला नको. पाच पट्ट्या ५ इंच रुंद, १६ इंच लांब कापाव्यात. सहावीसाठी ५ बाय ४ इंचांचे पाच तुकडे जोडावेत. प्रत्येक कडेचा अर्धा इंच शिलाईत जातो. जोड आधी साध्या मशीनवर घालावा, मग ओव्हरलॉक. टाचण्या काढून घ्याव्यात, नाहीतर सुरी मोडते. बाहेरच्या कडा ओव्हरलॉक करून दुमडल्या की २४ बाय १५ इंचांचा ध्वज तयार. रंग लावून देण्याचे काम मुलांचे.

आपल्या अनेक भगिनी कारखान्यात नगावर ओव्हरलॉक चालवतात. विहारासाठी ध्वज शिवून घेताना समितीने त्यांना मजुरी द्यावी. बँडवाल्याला आपण रोख मोजतो. बाईच्या शिलाईलाच तेवढे धम्मदान म्हणतो. पैसे पौर्णिमेआधी हातात पडावेत.