मसाई समाजातील मणी-अलंकार : सामाजिक अर्थाचे स्वरूप

प्रस्तावना :
दक्षिण केनिया व उत्तर टांझानिया या प्रदेशांत राहणारा मसाई हा मा भाषा बोलणारा पशुपालक समाज होय. त्याचे रंगीत मण्यांचे अलंकार जगभर परिचित आहेत. मात्र केवळ शोभेच्या वस्तू म्हणून पाहिल्यास त्यांचा सामाजिक आशय नजरेआड होतो. तो स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साहित्य व निर्मिती :
पूर्वी लोखंड, पितळ, चामडे, बिया, शिंपले यांपासून अलंकार बनत. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील, विशेषतः व्हेनिस व बोहेमिया येथील, बारीक काचमणी व्यापारामार्फत मोठ्या प्रमाणात येऊ लागले. म्हणजेच या परंपरेतील मणी बाहेरून आले. परंतु रंगांची निवड, क्रम व मांडणी मसाई स्त्रियांची आहे. ही कला मुली आई व वडीलधाऱ्या स्त्रियांकडून शिकतात.

सामाजिक अर्थ :
तांबडा रंग रक्त व शौर्याशी, पांढरा दुधाशी, निळा आकाश व पावसाशी, तर हिरवा कुरणाशी जोडला जातो. गुरांवर जगणाऱ्या समाजाचे जीवनच त्यांत उमटले आहे. तथापि रंगांच्या अशा यादीने अर्थ पूर्ण होत नाही. अलंकार कोण व आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर धारण करतो, यावर तो अवलंबून असतो. विवाहित स्त्रीची कर्णभूषणे अविवाहित मुलीहून वेगळी असतात. तरुण योद्ध्यांच्या अलंकारांवरून त्यांचा वयोगट ओळखता येतो. मंगळसूत्राचे काळे मणी ओळखणाऱ्या मराठी वाचकास ही सांकेतिक भाषा अपरिचित वाटू नये.

बदलते संदर्भ :
पर्यटकांना होणाऱ्या विक्रीमुळे अनेक स्त्रियांच्या हाती पैसा येतो, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र विकत घेणाऱ्यास त्या अलंकारामागील वय, विवाह वा नाते यांचा बोध होत नाही. दुसरीकडे, योद्धेपणातून प्रौढत्वाकडे नेणाऱ्या युनोटोसह मसाई पुरुषांचे तीन वयोविधी युनेस्कोने 2018 मध्ये तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या वारशाच्या यादीत समाविष्ट केले. ज्या वयोव्यवस्थेमुळे योद्ध्यांच्या अलंकारांना अर्थ लाभतो, तीच अशा प्रकारे संकटात आहे.

निष्कर्ष :
मसाई अलंकारांची परंपरा मण्यांत नसून ते घडविणाऱ्या व धारण करणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधांत आहे, असे म्हणता येईल. म्हणूनच अलंकार संग्रहालयात जतन केल्याने ती परंपरा टिकेलच असे नाही. ती टिकण्यासाठी त्या संबंधांना जागा राहणे व विक्रीचा योग्य मोबदला घडविणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.