नोंदवहीतला देवमासा
निसर्गाच्या पाठशाळा : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९०० साली सुरू झालेल्या वनशाळेत डोकावलो. आज त्याच देशाच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर जाऊ. तिथल्या बार हार्बर गावात समुद्राकाठी ‘कॉलेज ऑफ द अटलांटिक’ हे खाजगी कॉलेज आहे. विद्यार्थी जेमतेम साडेतीनशे.

१९४७ च्या वणव्यात या बेटाचा मोठा भाग जळाला. धनिकांचे उन्हाळी वाडे खाक झाले आणि गावाची रया गेली. हिवाळ्यातही गाव नांदतं राहावं, या तळमळीतून दोन शाळूसोबती पुढे आले. फादर जेम्स गॉवर धर्मगुरू होते, लेस ब्रूअर व्यावसायिक. १९६९ साली कॉलेजची स्थापना झाली आणि १९७२ साली ३२ विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरले. इथे पदवी एकाच विषयाची मिळते. तो विषय ह्यूमन इकॉलॉजी, म्हणजे माणूस आणि त्याचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास. कॉलेजात वेगवेगळे विभागच नाहीत.

विभाग का नसावेत, हे समजायला कॉलेजसमोरचा समुद्र पुरेसा आहे. मेनचा किनारा लॉबस्टरवर जगतो. लॉबस्टर म्हणजे आपल्या कोकणातल्या शेवंडीचा मोठ्या नांग्यांचा भाऊबंद. तिथल्या मच्छीमारांची एक जुनी रीत आहे. पोटाखाली अंडी धरलेली मादी पिंजऱ्यात आली, तर तिच्या शेपटीच्या पाकळीला खाच पाडून तिला पाण्यात सोडायचं. पुढे ती कुणालाही सापडली, अंगावर अंडी नसली, तरी खाच दिसताच परत सोडायची. ठरल्या मापाहून लहान लॉबस्टर धरायचा नाही आणि फार मोठाही नाही, कारण थोराड जनावरांवर पुढची वीण अवलंबून असते. नैसर्गिक संपत्ती वापरायची आणि राखायचीही, याचा इतका सरळ धडा क्वचितच मिळतो.

पण तळाशी ठेवलेल्या पिंजऱ्यापासून वरच्या तरंगत्या खुणेपर्यंत दोर जातो, आणि त्या दोरांत देवमासे अडकतात. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल जातीचे देवमासे आता चारशेच्याही आत उरले आहेत. दोर कमी करा म्हणावं, तर ज्याने पिढ्यानपिढ्या लॉबस्टर राखला त्याच्याच पोटावर पाय येतो. हा प्रश्न जीवशास्त्राचा की अर्थशास्त्राचा? कायद्याचा की गावकीचा? विद्यार्थ्याला या सगळ्या वाटांनी जावं लागतं. म्हणूनच विषयांच्या मध्ये भिंती नाहीत.

या कॉलेजची खरी कमाई मात्र एका नोंदवहीत आहे. हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग आणि कडेच्या खाचा प्रत्येक देवमाशाच्या वेगळ्या, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. कॉलेजच्या ‘अलाइड व्हेल’ या संशोधन गटाने १९७० च्या दशकात अशा छायाचित्रांची सूची सुरू केली. आज तिच्यात हजारो देवमासे आहेत. बेटापासून तीसेक किलोमीटरवर, भर समुद्रातल्या माउंट डेझर्ट रॉक या उघड्या खडकावर जुनं दीपगृह आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी तिथे मुक्कामाला राहून देवमासे आणि सील टिपतात.

अशा सूचीचं मोल किती, ते २०१० साली दिसलं. अंटार्क्टिकाकडच्या हंपबॅकांची सूचीही हाच गट सांभाळतो. ब्राझीलजवळ १९९९ साली टिपलेली एक मादी २००१ साली मादागास्करजवळ एका पर्यटकाच्या छायाचित्रात सापडली. शेपटी जुळली आणि किमान ९,८०० किलोमीटरचा प्रवास सिद्ध झाला. दोन्ही छायाचित्रं काढणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती. त्यांनी फक्त आपली नोंद नीट ठेवली होती.

लहान कॉलेजची ताकद मला इथे दिसते. पहिल्या वर्षाच्या मुलीने काढलेलं छायाचित्रही गुण मिळाल्यावर रद्दीत जात नाही. ते सूचीत जातं आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतं.

या कॉलेजकडे जाणाऱ्या वाटेवर महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. मुळशीजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजसह या साखळीतल्या शाळांच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकता यावं म्हणून डेव्हिस शिष्यवृत्ती २००० साली सुरू झाली. तेव्हाच्या पहिल्या पाच संस्थांत प्रिन्स्टनच्या मांडीला मांडी लावून हे छोटं कॉलेजही होतं.

लहान असण्याची किंमतही मोजावी लागते. अशी कॉलेजं महाग असतात आणि विद्यार्थी घटले की डळमळतात. पर्यावरण शिक्षणासाठी ओळखलं जाणारं विस्कॉन्सिनमधलं नॉर्थलँड कॉलेज २०२५ साली बंद झालं. कॉलेज मिटतं तेव्हा इमारतीला नवा धनी मिळू शकतो, पण वर्षानुवर्षं चाललेल्या निरीक्षणात एकदा पडलेला खंड भरून काढता येत नाही. म्हणून निसर्ग शिकवणारी संस्था टिकणं हीसुद्धा संवर्धनाचीच बाब आहे. देवमासा माणसापेक्षा कमी जगत नाही; त्याची नोंद ठेवणारे हात बदलत राहणार, वही मात्र तीच राहायला हवी.

पुढील लेखांकात : केंटकीतल्या बेरिया कॉलेजचं जंगल, जिथे विद्यार्थी शिकवणी शुल्क भरत नाहीत, काम करतात.