मृताची कुप्रसिद्धी आणि न्याय

मुंबईहून मद्रासकडे जाणारी आगगाडी अरकोणम् ओलांडून प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात येते, तेव्हा वाटेत एक स्थानक लागते. त्याचे नाव आवडी. मराठी कानाला हे नाव मोठे लाघवी वाटते. परंतु गावाची ओळख मात्र शिपाईगिरीची आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे मोठा लष्करी तळ उभा राहिला. १९५५ च्या जानेवारीत ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली येथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. पुढे येथल्या कारखान्यातून 'विजयंता' रणगाडे बाहेर पडू लागले. इतिहासाच्या पुस्तकात आवडीला स्थान आहे ते या कारणांसाठी. परंतु गुन्ह्यांच्या इतिहासातही या गावाचा एक पुसटसा धागा गुंतलेला आहे. युद्धकाळात आवडीला उपविभागीय अधिकारी म्हणून लष्करी खात्यात नोकरी केलेला आळवंदार नावाचा एक गृहस्थ १९५२ साली मारला गेला, आणि त्याच्या मृत्यूने मद्रास शहर कित्येक महिने ढवळून निघाले.

कुप्रसिद्ध माणसे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मारेकरी येतात, दरोडेखोर येतात, विश्वासघातकी येतात. परंतु कुप्रसिद्धीचा एक प्रकार असा आहे की, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे मारल्या गेलेल्या माणसाची कुप्रसिद्धी. मारणारा चांगला आणि मेलेला वाईट, असे लोकांना वाटू लागले म्हणजे न्यायाच्या तराजूचे काय होते? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि आळवंदार खटला हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

युद्ध संपल्यावर आळवंदाराने नोकरी सोडली आणि तो व्यापारात शिरला. मद्रासच्या पॅरीज कॉर्नर भागात 'जेम अँड कंपनी' हे फाउंटन पेनांचे नावाजलेले दुकान होते. त्या दुकानाच्या एका भागात प्लॅस्टिकच्या वस्तू मांडून तो विकू लागला. प्लॅस्टिक तेव्हा नवलाईची वस्तू होती. त्याच्या जोडीला हप्तेबंदीने साड्या विकण्याचाही त्याचा धंदा होता. माणूस बोलका होता, रंगेलही होता. आणि घरी पत्नी असतानाही परस्त्रियांविषयी त्याची ख्याती चांगली नव्हती. दुकानातच त्याची देवकी नावाच्या केरळीय तरुणीशी ओळख झाली. पुढे देवकीचा प्रभाकर मेनन यांच्याशी विवाह झाला. पण आळवंदाराने तिचा पिच्छा सोडला नाही.

२८ ऑगस्ट १९५२ रोजी आळवंदार दुकानातून गेला तो परत आलाच नाही. रात्र उलटली तशी त्याची पत्नी दुकानाच्या मालकाकडे चौकशीला आली, आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. शोध रायपुरम् भागातील देवकीच्या घरापर्यंत पोहोचला. परंतु घराला कुलूप होते. इकडे हा शोध चालू असता मद्रासच्या एग्मोर स्थानकातून धनुष्कोडीकडे निघालेल्या बोट मेलमध्ये दुसऱ्याच दिवशी प्रवाशांनी तक्रार केली की, डब्यातील एका बेवारशी ट्रंकेतून दुर्गंधी येत आहे. मानामदुराईला ती ट्रंक उतरवून उघडण्यात आली. तीत एका पुरुषाचे शिर नसलेले धड होते. पुढे काही दिवसांनी रायपुरम्‌च्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पुरलेले शिर सापडले.

शिर एकीकडे आणि धड शेकडो मैल दूर. दोन्ही एकाच माणसाची हे सिद्ध कसे करावयाचे? मारणाऱ्याने शरीराचे तुकडे दूरदूर टाकण्याचे कारणच हे असते की, मृताची ओळख पटू नये. ओळख पटली नाही तर खून कोणाचा झाला हेच ठरत नाही, आणि मग खटला उभाच राहत नाही. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बी. गोपालकृष्ण यांनी दोन्ही अवशेषांची तपासणी करून ते एकाच व्यक्तीचे असल्याचा निर्वाळा दिला. मृताच्या पत्नीने चेहरा ओळखला. आणि तिसरा साक्षीदार अनपेक्षित ठिकाणाहून आला. आळवंदार लष्करी नोकरीत असताना घेतलेले त्याच्या बोटांचे ठसे सरकारी दप्तरात जपून ठेवलेले होते. ते प्रेताच्या ठशांशी जुळले. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची ही विद्या आपल्याच देशात वाढली. जगातील पहिली ठसे-कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यास निघाली, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

देवकी आणि मेनन मद्रास सोडून मुंबईस आले होते. मुंबईच्या अफाट गर्दीत माणूस सहज हरवतो, असा पळून येणाऱ्या प्रत्येकाचा समज असतो. पोलिसांनी त्यांना तेथे हुडकून काढले आणि मद्रासला नेले.

१९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ए. एस. पंचापकेश अय्यर यांच्यापुढे हा खटला ज्यूरीच्या साहाय्याने चालला. सरकारच्या बाजूने गोविंद स्वामिनाथन हे नामांकित वकील उभे होते. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी यांचे ते बंधू. न्यायालयात बसावयास जागा मिळू नये इतकी गर्दी होई, आणि वृत्तपत्रे कामकाजाचा शब्द न् शब्द छापीत. या बातम्या वाचणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात हळूहळू एक विलक्षण पालट घडून आला. आरोपीच्या पिंजऱ्यात मेनन पतिपत्नी उभी होती खरी. पण लोकांच्या मनातल्या पिंजऱ्यात मृत आळवंदार उभा होता. तो कसा वागे, कोणाकोणाच्या मागे लागे, याचीच चर्चा घराघरांत चालली. 'असल्या माणसाचे आणखी काय व्हावयाचे?' हा उद्गार जणू निकालच होऊन बसला.

येथे कायद्याचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. भारतीय दंडसंहितेच्या ३०० व्या कलमात खुनाची व्याख्या होती आणि तिला काही अपवाद जोडलेले होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी ही व्यवस्था तिच्या १०१ व्या कलमात पुढे चालू आहे. त्यांतील पहिला अपवाद असा की, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरील ताबा सुटला आणि त्या भरात त्याने प्रक्षोभ देणाऱ्याचा प्राण घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो व शिक्षा सौम्य होते. यातील दोन्ही विशेषणे महत्त्वाची आहेत. प्रक्षोभ गंभीर हवा, म्हणजे साध्या शिवीगाळीने भागणार नाही. आणि तो आकस्मिक हवा, म्हणजे महिनोन् महिने मनात साठवलेला राग चालणार नाही. कायदा माणसाच्या दुर्बळतेला सवलत देतो, सूडाला देत नाही.

बारकाईने पाहिले तर या अपवादात मृताच्या चारित्र्याविषयी एक अक्षरही नाही. मृत मनुष्य कसा होता हे कायदा विचारीत नाही. त्या क्षणी त्याने काय केले एवढेच विचारतो. एखादा सद्गृहस्थ क्षणभर पशूसारखा वागला, तर तो प्रक्षोभ होऊ शकतो. आणि एखादा नामचीन बदफैली माणूस त्या वेळी मुकाट्याने बसलेला असेल, तर त्याची सारी जुनी पापे मिळूनही प्रक्षोभ होत नाही. चारित्र्य आणि वर्तन यांतला हा भेद कागदावर सोपा दिसतो. न्यायालयाच्या भरलेल्या दालनात तो टिकवून धरणे फार कठीण असते.

आळवंदार खटल्यात सरकारपक्षाचे म्हणणे असे की, हा बेत आधी आखलेला होता. आरोपींच्या बाजूने मांडले गेले की, आळवंदाराने घरात देवकीशी अतिप्रसंग करण्याचा यत्न केला आणि त्यातून पुढचे सारे घडले. न्यायालयाने दोघांना दोषी ठरविले. मात्र मेनन यांना सात वर्षांची सक्तमजुरी आणि देवकीला तीन वर्षांची शिक्षा झाली. फाशी वा जन्मठेप अपेक्षिणाऱ्यांना ही शिक्षा फार सौम्य वाटली, तर कित्येकांना ती योग्य वाटली. पुढे दोघेही सुटून आपल्या मुलखाकडे गेली आणि लोकांच्या नजरेआड झाली.

मद्रासला असा अनुभव नवा नव्हता. आठच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, लक्ष्मीकांतन नावाच्या पत्रकारावर भर रस्त्यात सुऱ्याने वार झाले आणि तो दुसऱ्या दिवशी मरण पावला. नटनट्यांच्या खासगी आयुष्यातील खऱ्याखोट्या भानगडी छापून त्याने आपले पत्र चालविले होते. त्यामुळे त्याच्यासाठी हळहळणारे थोडेच निघाले. परंतु या वेळी घडले उलटे. तमिळ चित्रपटांतील लोकप्रिय गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर आणि विनोदी नट एन. एस. कृष्णन् यांना कटात गोवण्यात आले व १९४५ साली जन्मठेप झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, उच्च न्यायालयाने पुराव्याचा फेरविचार केला आणि १९४७ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. भागवतरांच्या वाट्याला पहिले वैभव पुन्हा आले नाही. मृताचे शत्रू पुष्कळ असले म्हणजे संशय कोणावरही टाकता येतो, हा या प्रकरणाचा धडा.

मुंबईकरांना याच जातीचा खटला आठवेल तो नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांचा. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या व स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. आहुजाचे नानावटींच्या पत्नीशी संबंध होते. जनमत सर्वस्वी नानावटींच्या बाजूला होते, आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने ते आणखी तापविले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना हा निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाने काय पाहिले? घड्याळ पाहिले. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी घराबाहेर पडले. पत्नीमुलांना चित्रपटगृहाशी सोडले. जहाजावर जाऊन निमित्त सांगून पिस्तूल घेतले. आणि गोळ्या सुटल्या त्या चारच्या पुढे. मन थंड होण्यास एवढा वेळ पुरेसा होता, म्हणून प्रक्षोभ आकस्मिक राहिला नाही. पुढे १९६४ मध्ये त्यांना क्षमा मिळाली ती राज्यपालांच्या अधिकारात. ज्यूरीची पद्धत बंद करावी अशी शिफारस विधि आयोगाने १९५८ सालीच केली होती. ती पद्धतही पुढे आपल्या फौजदारी न्यायालयांतून गेली.

कुप्रसिद्धी आणि पुरावा यांची गल्लत करण्याची सवय मात्र न्यायालयाबाहेर फार जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध चा मा' करणारी म्हणून आनंदीबाईंचे नाव आज पोरासोरांच्या तोंडी आहे. परंतु तसे अक्षर बदललेला कागद इतिहासाला सापडलेला नाही. उलट रामशास्त्र्यांनी आवईवर न जाता चौकशी केली आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादांच्या तोंडावर त्यांचा दोष सांगितला. लोकवदंता आणि न्याय यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

आळवंदाराचे समर्थन करण्याचे कोणालाच कारण नाही. त्याने एका संसाराला त्रास दिला असेल, आणि त्या त्रासाला कायद्यात दाद मागण्याचे मार्ग होते. त्या काळी एका तरुण स्त्रीला ते मार्ग किती दुष्कर होते, बदनामीचे ओझे अखेर तिच्याच माथी कसे आले असते, हेही विसरता येत नाही; शिक्षा सौम्य झाली याचे मर्म कदाचित तेथेच असेल. परंतु वाईट माणसाच्या प्राणाची किंमत कमी, असे एकदा मान्य केले की, वाईट कोण हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याच्याकडे जातो. मग आज रंगेल व्यापारी, उद्या निंदक पत्रकार, परवा केवळ नावडता शेजारी. कायदा मृताच्या गुणावगुणांविषयी मौन पाळतो ते निष्ठुरपणाने नव्हे. हे मौन हेच आपणा सर्वांचे संरक्षण आहे.

वृत्तपत्रांनी रंगविलेल्या त्या साऱ्या कथेत एक व्यक्ती फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. नवरा रात्री घरी आला नाही म्हणून दुकानाच्या दारात चौकशी करीत आलेली, आणि पुढे वाळूतून काढलेले ते शिर पाहून हा माझाच पती असे सांगणारी स्त्री. जगाच्या लेखी जो कुप्रसिद्ध होता, त्याचीही कोणी तरी वाट पाहत होते. न्यायालयाचे दार जेव्हा मृताच्या नावाने उघडते, तेव्हा ते तिच्यासाठीही उघडत असते.