तिची गोष्ट, तिच्याच आवाजात

वर्तकनगरसारख्या वसाहतींत घरकाम करणाऱ्या स्थलांतरित स्त्रियांचे अनुभव समाजापुढे येतात ते बहुधा इतरांच्या लेखणीतून. डिजिटल कथाकथनाची कार्यशाळा ही सूत्रे त्यांच्याच हाती देते. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजलेल्या या पद्धतीत प्रत्येकजण आपला अनुभव गटात सांगते, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करते आणि छायाचित्रे जोडून दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करते. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी संकलित केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह २०१७ पासून ‘परी’ संकेतस्थळावर गायिकांच्या नावागावासह प्रसिद्ध होऊ लागला. मात्र, घरी छळ सोसणाऱ्या स्त्रीला नाव उघड होणे धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच नाव द्यायचे की नाही, चित्रफीत कोणाला दाखवायची, याचा निर्णय तिचाच असायला हवा.