वस्तु-संबंधीय प्रतिचित्रण
संगणकाच्या आज्ञावलीतील वस्तू आणि डेटाबेसमधील कोष्टके यांची परस्परांशी सांगड घालण्याच्या पद्धतीस वस्तु-संबंधीय प्रतिचित्रण म्हणतात. ही सांगड घालणारा आज्ञासंच ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर किंवा संक्षेपाने ओआरएम या नावाने ओळखला जातो. आज्ञावलीत एखाद्या गोष्टीचे वर्णन, तिचे गुणधर्म व तिच्या क्रिया एकत्र बांधलेल्या असतात. डेटाबेसमध्ये मात्र तीच गोष्ट आडव्या ओळी व उभे रकाने यांच्या स्वरूपात साठविलेली असते. या दोन मांडण्यांमधील भाषांतर प्रत्येक वेळी हाताने लिहावे लागू नये, हा ओआरएमचा मुख्य हेतू होय.

ऐतिहासिक आढावा : माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत मांडण्याची संबंधीय पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत असताना प्रसिद्ध केली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी पृच्छाभाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल म्हणून सर्वमान्य झाली. वस्तुनिष्ठ आज्ञालेखनाचा उगम नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगॉर यांच्या सिम्युला या भाषेत आढळतो. हे दोन प्रवाह स्वतंत्रपणे वाढल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या दुव्याची गरज निर्माण झाली. जावा भाषेसाठी हायबरनेट (२००१) व रुबी भाषेसाठी रेल्स (२००४) यांनी हा दुवा लोकप्रिय केला. पायथन भाषेतील जँगो हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबवर चालणाऱ्या प्रणाली उभारण्याची तयार चौकट, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कार्यालयात २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी लिहावयास घेतले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांना खुले करण्यात आले. पुढील विवेचन जँगोच्या ओआरएमला धरून केले आहे.

गाव नमुन्यांचे उदाहरण : संबंधीय मांडणीचे तत्त्व महाराष्ट्रातील वाचकास जमिनीच्या अभिलेखांवरून सहज समजते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत, राज्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच, गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही मिळून सातबाराचा उतारा बनतो. गाव नमुना आठ-अ मध्ये खातेदारनिहाय जमिनी दाखविलेल्या असतात, तर गाव नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही होय. सातबारा भूमापन क्रमांकाच्या बाजूने पाहतो आणि आठ-अ खातेदाराच्या बाजूने. दोहोंच्या मुळाशी असलेली माहिती एकच आहे. कागदी दप्तरात ती दोन ठिकाणी लिहावी लागे व त्यामुळे दोहोंत तफावत पडण्याचा संभव असे. संबंधीय डेटाबेसमध्ये ती एकदाच साठवून दोन वेगवेगळ्या पृच्छांनी दोन्ही उतारे काढता येतात. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध करून देण्यात आला. येथील उदाहरण मात्र केवळ विवेचनासाठी रचलेले आहे.

प्रतिमानांची व्याख्या : जँगोमध्ये प्रत्येक कोष्टकासाठी एक वर्ग लिहितात, त्यास मॉडेल किंवा प्रतिमान म्हणतात. वर्गातील प्रत्येक गुणधर्म हा कोष्टकातील एक रकाना असतो आणि वर्गापासून निर्माण झालेली प्रत्येक वस्तू ही कोष्टकातील एक ओळ असते. प्रत्येक ओळीस स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (२००८) वर्गांची व गुणधर्मांची नावे देवनागरीतही देता येतात.

रकान्याचा प्रकार ठरविताना व्यवहाराचे ज्ञान आवश्यक असते. भूमापन क्रमांक ‘३५/२अ’ असा असू शकतो. म्हणून तो संख्या म्हणून न साठविता मजकूर म्हणून साठवावा लागतो. मजकुराची क्रमवारी लावताना ‘१०’ हा ‘२’ च्या आधी येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत लिहितात. १ हेक्टर म्हणजे १०० आर व १ आर म्हणजे १०० चौरस मीटर असल्याने ४० आर ५० चौरस मीटर क्षेत्र ०.४०५० हेक्टर होते. यासाठी चार दशांश स्थळांचा दशमान रकाना योग्य ठरतो. तरत्या बिंदूच्या द्विमान संख्येत ०.१ सारखी संख्याही तंतोतंत बसत नाही आणि अनेक हिश्शांची बेरीज केल्यावर मूळ क्षेत्राशी मेळ बसेनासा होतो. एकाच गावात तोच भूमापन क्रमांक व उपविभाग दुसऱ्यांदा नोंदला जाऊ नये, असे बंधनही प्रतिमानातच घालता येते.

संबंध : एका जिल्ह्यात अनेक तालुके, एका तालुक्यात अनेक गावे व एका गावात अनेक भूखंड असतात. हा एकास-अनेक संबंध फॉरिन की या रकान्याने दर्शवितात. त्यात दुसऱ्या कोष्टकातील ओळीचा ओळखक्रमांक साठविलेला असतो. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याचे नाव प्रत्येक भूखंडापुढे लिहिलेले असते, तर असा बदल प्रत्येक ओळीत करावा लागला असता. संबंधीय मांडणीत तो जिल्ह्याच्या कोष्टकातील एकाच ओळीत करावा लागतो.

एका भूखंडास अनेक खातेदार व एका खातेदारास अनेक भूखंड असतात. हा अनेकास-अनेक संबंध मधल्या कोष्टकाच्या साहाय्याने मांडतात. खातेदाराचा हिस्सा, भोगवट्याचा प्रकार व ज्या फेरफाराने नाव दाखल झाले त्याचा क्रमांक ही माहिती त्या मधल्या कोष्टकात ठेवणे योग्य असते, कारण ती एकट्या खातेदाराची किंवा एकट्या भूखंडाची नसते.

संबंधित ओळ काढून टाकल्यास काय घडावे, हे फॉरिन की लिहिताना सांगावेच लागते. ‘कॅस्केड’ हा पर्याय दिल्यास एका ओळीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व ओळी नष्ट होतात. ‘प्रोटेक्ट’ हा पर्याय अशा ओळी अस्तित्वात असेपर्यंत मूळ ओळ काढूच देत नाही. अधिकार अभिलेखासाठी दुसरा पर्याय उचित ठरतो. कागदी सातबाऱ्यावर मृत अथवा पूर्वीच्या धारकाचे नाव खोडून नाहीसे करीत नसत. त्यास कंस करून फेरफार क्रमांक लिहीत आणि त्यामुळे मागील हक्काचा माग काढता येई. प्रतिमानातही खातेदाराची ओळ कायम ठेवून तिचा हक्क संपल्याचा दिनांक लिहिणे इष्ट असते.

पृच्छा : प्रतिमानाच्या वर्गाकडे विचारणा केली असता जँगो पृच्छासंच परत करते. ‘फिल्टर’ या क्रियेने अटींत बसणाऱ्या व ‘एक्स्क्लूड’ या क्रियेने अटींत न बसणाऱ्या ओळी निवडतात. पृच्छासंच तयार होताच डेटाबेसकडे विचारणा जात नाही. उत्तराची प्रत्यक्ष गरज पडते, तेव्हाच एसक्यूएलचे वाक्य बनवून पाठविले जाते. त्यामुळे अटी एकामागून एक जोडत जाता येतात.

एका कोष्टकातून दुसऱ्यात जाण्यासाठी रकान्यांची नावे दोन अधोरेखांनी जोडतात. उदा., भूखंडाच्या पृच्छेत ‘गाव__तालुका__नाव’ हे ‘कर्जत’ असावे, अशी अट घालता येते. परंतु महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक रायगड जिल्ह्यात व दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. वरील पृच्छा दोन्ही तालुक्यांतील भूखंड देईल. तिला ‘गाव__तालुका__जिल्हा__नाव’ ही अट जोडावी लागते. त्याहून चांगले म्हणजे नावाऐवजी तालुक्याच्या ओळखक्रमांकाने निवड करावी.

अनेक ओळींशी संबंध असेल तेथे दोन अटी एका फिल्टरमध्ये लिहिणे व दोन फिल्टरांत लिहिणे यांत भेद पडतो. ज्या भूखंडांवर खरेदीचा फेरफार प्रलंबित आहे असे भूखंड हवे असल्यास ‘प्रकार खरेदी’ व ‘स्थिती प्रलंबित’ या दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये द्याव्या लागतात. त्या लागोपाठच्या दोन फिल्टरांत दिल्यास, ज्यावर जुनी खरेदी मंजूर झालेली आहे व सध्या केवळ वारसनोंद प्रलंबित आहे, असा भूखंडही निवडला जातो. मुंबईच्या सान्निध्यामुळे कर्जत व खालापूर या भागांत जमिनीचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात आणि येथे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांची वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६अ नुसार जुलै १९७४ पासून आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. अशा व्यवहारांची छाननी करणाऱ्या पृच्छेत अटींची चुकीची जोडणी झाल्यास एखादे प्रकरण तपासणीतून निसटू शकते.

कार्यक्षमता : ओआरएमच्या सोयीमुळे एक दोष नजरेआड राहतो. एखाद्या गावातील ३०० भूखंडांची यादी करून प्रत्येकापुढे त्याच्या आकारणी प्रकाराचे नाव छापावयाचे असल्यास यादीसाठी एक व प्रत्येक नावासाठी एक अशा ३०१ पृच्छा डेटाबेसकडे जातात. ‘सिलेक्ट रिलेटेड’ या क्रियेने दोन्ही कोष्टके जोडून हेच काम एका पृच्छेत होते. अनेकास-अनेक संबंधासाठी ‘प्रीफेच रिलेटेड’ ही क्रिया वापरतात. ती संबंधित ओळी दुसऱ्या एका पृच्छेने आणून त्यांची जुळणी पायथनमध्ये करते.

अखंड व्यवहार : फेरफार मंजूर होताना जुन्या धारकाचा हक्क संपविणे व नव्या धारकांची नावे दाखल करणे ही दोन्ही कामे एकत्र व्हावी लागतात. पहिले काम होऊन वीज गेली, तर जमीन कागदोपत्री धारकाविना राहील. यासाठी जँगोमध्ये ‘ॲटॉमिक’ ही सोय आहे. तिच्या कक्षेतील सर्व बदल एकत्र कायम होतात किंवा एकही होत नाही.

रचनेतील बदल : कोष्टकांची रचना कालांतराने बदलते. उदा., २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात सुधारणा होऊन त्यावर गावाचा सांकेतिक क्रमांकही येऊ लागला. प्रतिमानातील असे बदल डेटाबेसमध्ये क्रमाने उतरविणाऱ्या लेखांस मायग्रेशन म्हणतात. २०१४ मधील १.७ या आवृत्तीपासून ही सोय जँगोचाच भाग झाली. नवा रकाना जोडताना जुन्या ओळींत काय भरावे, हे ठरवावे लागते. ‘माहिती नाही’ व ‘नाही’ या दोन भिन्न गोष्टी असून रिकाम्या रकान्यास नकार मानणे चुकीचे ठरते.

मर्यादा : गुंतागुंतीच्या अहवालांसाठी ओआरएमपेक्षा थेट एसक्यूएल लिहिणे कधी कधी सोपे पडते आणि ओआरएम वापरणाऱ्यासही एसक्यूएलचे ज्ञान असणे हितावह असते. प्रतिमानात ज्याला रकाना नाही, ते पृच्छेस दिसत नाही, ही अधिक मूलभूत मर्यादा होय. कातकऱ्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. तेथील कुटुंबाचे नाव कोणत्याही नमुन्यात नसल्यास पृच्छेचे उत्तर रिकामे येते, पण त्यावरून तेथे कोणी राहत नाही असे ठरत नाही. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून अशा प्रणालीची प्रतिमाने ठरविताना इतर हक्क, हरकती व प्रत्यक्ष वहिवाट यांसाठी जागा ठेवणे आवश्यक असते.