गाळा, गोदाम, वाडी : लेखांक ७ – भाडं आधी, भाव मागून

वसईच्या पश्चिमेला भुईगावच्या बाजूला जमिनीचा भाव विचारला की आधी गुंठ्याचा आकडा सांगितला जातो आणि पाठोपाठ एखाद्या प्रकल्पाचं नाव येतं. कधी बुलेट ट्रेनचं विरार स्थानक, कधी विरार-अलिबाग कॉरिडॉर, कधी उत्तन-विरार सागरी सेतू, तर गेल्या काही वर्षांत वाढवण बंदर. ही सगळी नावं खरी आहेत, त्यांच्यामागे सरकारी निर्णय आहेत. पण त्या जागेवर गाळा बांधला, गोदाम उभारलं किंवा रिसॉर्ट काढलं, तर महिन्याला भाडं किती येईल, हा आकडा या बोलण्यात जवळजवळ कधीच येत नाही. मागच्या लेखांकात आपण राहत्या घरांचा बाजार पाहिला. घर घेणारा माणूस निदान त्यात राहतो. व्यावसायिक जागेला मात्र तिथे धंदा करून भाडं भरणाऱ्या माणसाखेरीज दुसरा आधार नसतो. वसई-विरारमध्ये, आणि विशेषतः वसईच्या पश्चिम पट्ट्यात, व्यावसायिक जागेचे भाव भाडेकरूकडे न बघता घोषणांकडे बघून ठरू लागले आहेत आणि त्यात लहान गुंतवणूकदाराचं नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब मांडून बघू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या ओळखीच्या गाळ्याचे आकडे घालावेत. दहा बाय वीसचा, पोटमाळ्याची सोय असलेला तळमजल्यावरचा गाळा ५० लाखांना घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील धरून खर्च ५४ लाखांच्या आसपास गेला. भाडं महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००. एवढ्यावर बहुतेकजण थांबतात आणि 'चार टक्के सुटतात' म्हणतात. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, यात सरासरी वर्षाला एक महिना गाळा रिकामा धरावा लागतो, तिथे १८,००० गेले. सोसायटीचं मेंटेनन्स महिना २,००० धरलं तर २४,०००. मालमत्ता कर १५,०००. हाती राहिले १,५९,०००, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर तीन टक्क्यांच्याही आत. शटर, वायरिंग, गळती यांची दुरुस्ती आणि प्राप्तिकर अजून बाजूलाच आहेत. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते, आणि तिथे भाडेकरू शोधावा लागत नाही.

याच देशात व्यावसायिक जागेत गुंतवणुकीचा दुसरा एक रस्ता आहे आणि त्याचे नियम उलट्या क्रमाने चालतात. एम्बसी ऑफिस पार्क्स हा भारतातला पहिला रीट, म्हणजे भाड्याच्या जागांत लोकांचा पैसा गुंतवणारा न्यास, एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलच्या जागांचा नेक्सस आला. सेबीच्या नियमानुसार रीटची किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली आणि भाडं देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेतली किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना वाटावी लागते. म्हणजे ज्या नियामकाला हजारो लोकांच्या पैशांची काळजी आहे, त्याने आधी भाडं दाखवा आणि मग पैसा मागा, असा क्रम लावून दिला. २०२४ मध्ये लहान आणि मध्यम रीटसाठीही नियम आले. ५० ते ५०० कोटींची मालमत्ता आणि किमान १० लाखांची गुंतवणूक, अशी ती चौकट आहे. वसईतल्या गाळ्यांना ती आज लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण क्रम तोच ठेवावा, एवढा बोध कुणालाही घेता येतो.

मग वसई-विरारमध्ये भाडं येतं कुठून? २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर ती पुष्कळ वाढली. एवढ्या मोठ्या शहरात ऑफिससाठीच्या इमारती का जम धरत नाहीत, याचं उत्तर सकाळी विरार, नालासोपारा, वसई रोड आणि नायगावच्या फलाटांवर दिसतं. कमावणारा माणूस पहाटेपासून चर्चगेटच्या दिशेने निघतो आणि रात्री परततो. त्याचा दुपारचा चहा, जेवण, बूट, मोबाइल अशी बरीच खरेदी अंधेरी-दादरलाच होते. त्याच्यामागे शहरात उरतात गृहिणी, शाळकरी मुलं आणि वृद्ध. म्हणून इथे जे गाळे वर्षानुवर्षं रिकामे राहत नाहीत, ते दूध-किराणा, औषधं, दवाखाना, क्लासेस, शिवणकाम आणि नाश्त्याचे असतात. त्यांचं भाडं मध्यम असतं पण टिकतं. स्टेशनपासून पायी पोचता येईल एवढ्या पट्ट्यात त्यांची मागणी दाट आहे, पुढे ती झपाट्याने विरळ होत जाते. पहिल्या मजल्यावरच्या 'कमर्शियल' गाळ्यांची स्थिती तर आणखी नाजूक. जिना चढून जायला गिऱ्हाइकाला दवाखाना किंवा क्लाससारखं पक्कं कारण लागतं.

पूर्वेकडचं चित्र वेगळं आहे. गोखिवरे, वालीव, सातिवली, कामण या भागातले कारखान्यांचे गाळे आणि महामार्गालगतची गोदामं यांचं भाडं उत्पादनातून आणि मालाच्या वाहतुकीतून येतं. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत जागा महाग झाली, तशी लहान इंजिनिअरिंग, प्लास्टिक, पॅकेजिंगची कामं इकडे सरकली. मजूर जवळ राहतो, अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शेजारी आहे, वसई-दिवा रेल्वेमार्ग मालगाड्या घेऊन जातो आणि कामणवरून भिवंडीच्या गोदामांकडे रस्ता आहे. इथे दिवसाची लोकसंख्या खरोखर आहे. या भागाचेही हाल आहेत. महामार्गावरची कोंडी, अंतर्गत रस्ते, पावसात शिरणारं पाणी यांनी कारखानदार त्रस्त असतो. तरीही गाळ्यात यंत्र चालतं आहे आणि यंत्राच्या कमाईतून भाडं दिलं जातं, ही गोष्ट पक्की आहे. वसई-विरारमध्ये व्यावसायिक गुंतवणुकीला काही तर्कशुद्ध जागा असेल, तर ती आज मुख्यतः इथे आहे.

भुईगाव या दोन्हींपासून लांब आहे. तो वाड्यांचा पट्टा आहे. केळी, भाजीपाला, फुलं, पानवेल, आणि त्यांना पाणी देणाऱ्या विहिरी आणि बावखलं. पलीकडे सुरूची झाडं आणि किनारा. इथे व्यावसायिक जागेची मागणी मुख्यतः शनिवार-रविवारची आहे. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यांवर रिसॉर्टांचा धंदा उभा राहिला, तोच भुईगावला येईल असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मला दोन ठिकाणी कच्चा वाटतो. आठवड्यातले पाच दिवस आणि पावसाळ्याचे महिने वजा केले, तर कमाईचे दिवस वर्षात सत्तरच्या आसपास उरतात आणि जागेवरचं व्याज मात्र ३६५ दिवस चालतं. दुसरी अडचण पाण्याची आहे. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल एवढा साधा जलतरण तलाव एकदा भरायला एक लाख लिटर पाणी लागतं. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने ते सातशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर खाली जातो आणि त्याची जागा समुद्राचं खारं पाणी घेतं. एकदा विहीर खारटली की ती पूर्ववत व्हायला वर्षं जातात, आणि खारटलेल्या विहिरीवर वाडीही उभी राहत नाही आणि रिसॉर्टही. सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेत रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारच्या वाट्याला ठरलं आहे आणि त्यातून शहराला दिलासा मिळतो आहे. पण ते लोकांच्या पिण्यासाठी आहे, त्याच्या भरवशावर तलावांचे आराखडे आखणं गैर आहे.

बावखलांचा उल्लेख केला तो सौंदर्यासाठी नव्हे. पावसाचं पाणी धरून ते जमिनीत मुरवणाऱ्या या खोलगट तळ्यांना मालमत्तेच्या हिशेबात किंमत आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसईत दिवसचे दिवस पाणी साचलं, लोकल थांबल्या, मिठागरांवरची माणसं अडकली. त्यानंतर नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून कारणांचा अभ्यास करून घ्यावा लागला आणि पाणी धरून ठेवणाऱ्या तलावांची गरज अधोरेखित झाली. तळमजल्यावरचा गाळा हीच पूर आला की सर्वांत आधी बुडणारी जागा. बावखल बुजवून त्यावर उभा केलेला गाळा स्वतःचं आणि शेजाऱ्याचंही भाडं कमी करतो, कारण दोनदा माल भिजलेला दुकानदार तिसऱ्या पावसाळ्याआधी करार संपवतो. नव्वदच्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हरित वसई चळवळीने पाणी आणि हिरवळ वाचवण्याचा जो आग्रह धरला, त्याला तेव्हा भावनिक ठरवणारे होते. मला तो आग्रह आर्थिकदृष्ट्याही बरोबर वाटतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप हमखास येतो : भाडं कोण बघतो, पैसा भाववाढीत आहे. वसईत ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जमीन घेतली, त्यांचं भलं झालं, हे कबूल. पण ती भाववाढ मुख्यतः राहत्या घरांच्या गरजेतून झाली. मुंबईत न परवडणारं कुटुंब इथे आलं म्हणून जमीन चढली. गाळ्याला तो नियम तसाच लागू होत नाही. घर विकायला काढलं तर घेणारी कुटुंबं पुष्कळ असतात, पहिल्या मजल्यावरचा रिकामा गाळा विकायला काढला तर महिनोन्‌महिने फोन येत नाही. आणि पुढचा खरेदीदार भाव देईल तो कशाच्या जोरावर? शेवटी कुणीतरी त्या जागेत बसून भाडं देईल या अपेक्षेवरच. त्या अपेक्षेला आधार नसेल, तर भाववाढ कागदावरच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रकल्प खरोखर येत आहेत. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींची मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. सागरी सेतूला वसईत जोडरस्ता नियोजित आहे, तो झाला तर पश्चिम पट्ट्याला थेट लाभ होईल, हे मी मान्य करतो. पण काळाचा हिशेब घालावा लागतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं, तेव्हा २०२२ चं उद्दिष्ट सांगितलं गेलं होतं. ते वर्ष उलटून गेलं आणि गाडी धावली नाही. ज्याने २०१७ साली त्या नावावर जादा दराने जागा घेतली, त्याच्या पैशावरचं व्याज मात्र चुकलेलं नाही. शिवाय बुलेट ट्रेन, कॉरिडॉर, महामार्ग यांचा ओढा पूर्वेकडे आहे. आणि वेगवान रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. भुईगावहून बोरिवलीला लवकर पोचता आलं, तर भुईगावचं गिऱ्हाईक बोरिवलीच्या दुकानात जाणं जास्त सोपं होतं. दळणवळण वाढलं की लहान बाजारपेठ आपोआप फुलते, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरा आक्षेप वाडीमालकांचा आहे आणि तो मनापासून ऐकायला हवा : शेतीत पोट भरत नाही, मुलं शेती करत नाहीत, मग चांगला भाव आला तर विकू नये का? विकण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण विकणं आणि रान राखणं यांच्या मध्ये भाडेपट्टा नावाची वाट आहे. वाडीचा रस्त्यालगतचा तुकडा, विकास आराखड्यात परवानगी असेल तेवढ्याच वापरासाठी, ठरावीक मुदतीने आणि दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याने दिला, तर जमीन नावावर राहते आणि घोषणेतला प्रकल्प खरोखर आलाच, तर भाववाढही मालकाचीच होते. फुलं आणि भाजीसाठी शीतगृह, सुकेळीसारख्या मालाचं पॅकिंग, घरगुती मुक्कामाची सोय असे वापर इथल्या पाण्याला आणि रस्त्याला झेपणारे आहेत. त्यांचं भाडं डोळे दिपवणारं नसेल, पण ते सोमवारीही येतं.

कागदांबाबत इथे फार सावध राहावं लागतं. सिडकोने केलेल्या विकास आराखड्याची मुदत २०२१ ला संपली, तेव्हा त्याची जागा घ्यायला नवा आराखडा तयार नव्हता. काही गावं पालिकेत राहणार की वगळली जाणार, हा वाद २०११ पासून वर्षानुवर्षं चालला. अशा धूसर काळात अनधिकृत बांधकाम फोफावतं. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये पाडाव्या लागल्या आणि हजारो माणसं उघड्यावर आली. इमारत गेली की तिच्या तळमजल्यावरचा गाळाही जातो, तो घेताना मालमत्ता कराची पावती होती की वीजबिल होतं, याने काही फरक पडत नाही. भुईगावकडे तर सातबारा, विकास आराखड्यातला झोन, किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आणि कांदळवनापासूनचं ५० मीटरचं अंतर, हे चारही एकत्र तपासावे लागतात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही आणि आदिवासींच्या जमिनीचं हस्तांतरण तर त्याहून कडक अटींवर होतं. दलाल 'एनए होऊन जाईल' म्हणतो, तेव्हा झालेल्या एनएचा, म्हणजे बिगरशेती वापराचा, आदेश मागावा.

भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स यांत मालकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि बँकेसारख्या मोठ्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण नसतं. लॉक-इन, डिपॉझिट, विहिरीच्या उपशावरची मर्यादा आणि मुदतीअंती जागा मोकळी करून घेण्याची कलमं करारात कशी घालावीत, ते पुढच्या आठवड्यात पाहू.